आमची वाटचाल : आधी टेबल, मग कार्ड

२००९ साली कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. तेव्हा आमचं काम म्हणजे टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांचे पीसी जोडणं आणि उडालेले एसएमपीएस, म्हणजे पीसीचे पॉवर सप्लाय, बदलणं. मालासाठी मी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायचो, दिवसभर मुंबईतला लॅमिंग्टन रोड पालथा घालायचो आणि रात्री परत. मॉनिटर बर्थखाली, मदरबोर्ड उशाला.

गेमिंगकडे वळलो २०१६ मध्ये, जीटीएक्स १०८० हे ग्राफिक्स कार्ड आलं त्या वर्षी. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यांनी पोरासाठी ४के मॉनिटरसकट पीसी मागितला. तोवरचं आमचं सगळ्यात मोठं बिल. तिसऱ्या दिवशी फोन : "साहेब, माउस चिखलातनं ओढल्यासारखा चालतोय." गेलो. दोन तास ड्रायव्हर काढले, घातले, विंडोज टाकून झालं. शेवटी मॉनिटरमागे वाकून बघितलं, तर वायर एचडीएमआयची, आम्हीच लावलेली. कार्डाचं पोर्ट २.०चं होतं, पण मॉनिटरचं १.४चं, आणि त्यातून ४के म्हटलं की ३० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं. डिस्प्लेपोर्टची वायर खोक्यात थर्माकोलखाली, पिशवीसुद्धा न फोडलेली. ती लावल्यावर ६० हर्ट्झ आले. चहा ठेवला होता, पण थांबायला तोंड नव्हतं.

त्यानंतर दुकानाची रीतच बदलली. गिऱ्हाईक कार्डाचं नाव घेऊन येतं. आम्ही स्क्रीन कुठली ते विचारतो, आणि त्याच्याही आधी टेबल किती खोल आहे, म्हणजे स्क्रीनपासून किती लांब बसणार, ते. कारण स्क्रीनवरचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, १०८०पीला साधारण २१ लाख, १४४०पीला ३७ लाख आणि ४केला ८३ लाख. म्हणजे १०८०पीवरून ४केवर उडी मारली की प्रत्येक फ्रेमला कार्डाच्या डोक्यावर चौपट ठिपके. डीएलएसएस, एफएसआर ही तंत्रं आता मदतीला आहेत. चित्र लहान काढायचं आणि हुशारीने मोठं करायचं. मला ते पटतं. पण १०८०पीवर तेच चालू केलं की मुळातच कमी ठिपक्यांवर काम भागवावं लागतं, आणि झाडांची पानं, तारा थरथरतात.

माझं मत विचाराल तर २७ इंचाला १४४०पी पुष्कळ झालं. ४के घ्यायचंच तर ३२ इंच घ्या आणि हातभर लांब बसा. अर्थात दिवसा कोडिंग किंवा फोटोचं काम करणाऱ्याला २७ इंची ४केवर अक्षरं फार सुरेख दिसतात, त्याला मी अडवत नाही.

२०२१ आठवलं तरी पोटात गोळा येतो. कार्डच मिळेना. एक घाऊक व्यापारी म्हणायचा, कार्ड हवं तर जोडीला चार मदरबोर्ड उचला. उचलले, त्यातले काही वर्षभर माळ्यावर होते. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं, ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडलं आणि वापरलेली कार्डं ढिगाने आली. मोहापायी मी सहा घेतली. दोन महिन्यांत तीन परत आली, पैसे दिले, विषय संपवला.

आता कार्डं इतकी दांडगी झालीत की कॅबिनेटही टेपने मोजावं लागतं. आरटीएक्स ४०९० तर एकटं ४५० वॉट खातं. त्याचा पॉवर कनेक्टर पूर्ण बसलाय का, हे मुलांनी जोडल्यावरही मी स्वतः बॅटरी मारून बघतो.

गेल्या महिन्यात कळंब्याचा एक कॉलेजचा पोरगा ४२ इंची मॉनिटरचा हट्ट धरून आला.
"टेबल किती खोल आहे रे?"
त्याने आईला फोन लावला, स्पीकरवर.
"पावणेदोन फूट," त्या म्हणाल्या, "पण अर्ध्यावर माझी शिलाई मशीन आहे. ती हलायची नाही, सांगून ठेवते."
२७ इंची १४४०पी दिला, आणि भिंतीला ठोकायचा आर्म.