तुम्ही विचारलंत म्हणून: काळ्या खिडकीत एवढे रंग कशाला?

‘वावरातली ओल दाखवणाऱ्या तुमच्या टूलमध्ये सोळा रंग होतेच की. मग पूर्ण रंगांसाठी अख्खा उन्हाळा कशाला घातलात?’ पुण्याहून गावी येणारे मित्र हे विचारतात, टूल वापरणारे विचारतात. दरवेळी घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. आज नीट सांगतो.

वरुड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. दोन एकरांत २४० झाडं, ६ बाय ६ मीटरवर लावलेली. १५ ओळी, ओळीत १६ झाडं, आणि प्रत्येक ओळीत ओल मोजणारे दोन सेन्सर. मधल्या झाडांची ओल टूल हिशेबानं काढतं आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या काळ्या खिडकीत, वावराचा नकाशा काढतं. एका झाडाला एक रंगीत चौकोन. सगळं घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालतं आणि वावरातून मी फोनवरच्या टर्मक्स या टर्मिनल ॲपमधून एसएसएचनं, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला सुरक्षित जोडणी करून, आत शिरतो.

आधी जुन्या रंगांवरच भागवलं होतं. एस्केप-कोडच्या, म्हणजे टर्मिनलला रंग बदलायला सांगणाऱ्या खुणांच्या, जुन्या पद्धतीत अक्षरांच्या रंगांना ३० ते ३७ हे आकडे आहेत. ३१ म्हणजे लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा. पुढे ९० ते ९७ हे उजळ रंग आले आणि सोळा झाले. मी ओल २५ टक्क्यांखाली असेल तर लाल, ३२ पर्यंत पिवळा आणि वर हिरवा असं ठरवून मोकळा झालो.

अंबिया बहाराच्या फुलोऱ्यासाठी डिसेंबर-जानेवारीत बगीचा ताणावर सोडतात. पाणी तोडायचं, पानं उतरू द्यायची आणि वेळेवर पुन्हा पाणी देऊन ताण फोडायचा. भारी काळ्या जमिनीत ओल हळूहळू जाते, म्हणून रोज बघावं लागतं. त्या वर्षी मी नकाशा मोठेबाबांना दाखवला. २४.८ चं झाड लाल, शेजारचं २५.३ चं पिवळं. पलीकडचं ३१.९ चं झाडही तेवढंच पिवळं. त्यांनी फोन जवळ धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘पान काई एका रातीत पिवळं होत नाई बापू. हळूहळू उतरते. तुह्या फोनात एकदमच कसं होते?’

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे एवढंच आहे. जमिनीत उतार होता आणि माझ्या पडद्यावर पायऱ्या होत्या. चूक सेन्सरची नव्हती, दाखवण्याची होती. त्या पायऱ्यांवर भरवसा ठेवून मी एका कोपऱ्याला ताण जास्त दिला, आणि तिथली फूट त्या वर्षी कमी आली.

मग आलेख का नाही काढला, असंही विचारतात. वावरात नेटवर्कची एखादी दांडी असते. चित्र उघडतच नाही, अक्षरं येतात. पूर्ण रंगाचा एक चौकोन म्हणजे एस्केपचा बाइट, चौकोनी कंस, मग ४८;२;२००;१२०;४० आणि शेवटी एम. यात ४८ म्हणजे पार्श्वभूमी, २ म्हणजे ‘पुढे लाल, हिरवा, निळा यांचे आकडे येतायत’, आणि ते तीन आकडे ० ते २५५ मधले. हे झाले १८ बाइट. दोन मोकळ्या जागा आणि रंग पुसणारे चार धरले तर २४. म्हणजे २४० झाडांचा अख्खा बगीचा पावणेसहा हजार बाइटांत येतो, आणि त्यात १,६७,७७,२१६ रंगांतला हवा तो रंग मिळतो. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

उन्हाळा गेला तो पुढच्या कामात. समोरचं टर्मिनल पूर्ण रंग दाखवू शकतं का, हे कळायची साधी सोय म्हणजे कलरटर्म नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला वाचता येणारी एक नोंद. त्यात ट्रूकलर किंवा २४बिट असं लिहिलेलं असतं. फोनवर तो बरोबर होता, पण एसएसएच तो सहसा आपणहून पलीकडे नेत नाही. त्यामुळे घरच्या पायला वाटायचं, समोर जुनं टर्मिनल आहे. दोन रात्री मी रंगांचं गणितच तपासत बसलो होतो! शेवटी एसएसएचच्या सेटिंगमध्ये फोनकडे सेंडएन्व्ह (ही नोंद पाठव), पायकडे ॲक्सेप्टएन्व्ह (ती घे) अशी एकेक ओळ घातली आणि नकाशा उजळला.

जिथे पूर्ण रंग नसतात तिथे २५६ रंगांवर उतरावं लागतं. त्यातले सोळा जुने, २१६ रंगांचा ठोकळा आणि २४ करडे. ठोकळ्यात प्रत्येक रंगाच्या सहाच पायऱ्या आहेत: ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५. पहिलीच उडी सगळ्यात मोठी आहे, हे बघा. माझ्या नव्या नकाशात ओल वाढली की रंग गडद होतो, म्हणजे ओल्या जमिनीतले बारीक फरक नेमके त्या ० आणि ९५ मधल्या खड्ड्यात पडतात. तिथे मी रंगपट्टीच थोडी उजळ केली. रंग नुसते ‘जवळचा शोधा’ म्हणून उतरवू नका, एवढं मी आग्रहानं सांगेन.

लाल-हिरवं तर काढूनच टाकलं. माझ्या मामेभावाला ते दोन वेगळे दिसत नाहीत आणि रात्रपाळीला मोटर तोच बघतो. आता पट्टी फिकट नारिंगीपासून गडद निळ्यापर्यंत जाते, उजेड सतत उतरत जातो, आणि हवे असतील तर चौकोनात आकडेही येतात. आउटपुट फाइलमध्ये जात असेल किंवा कुणी नो-कलर ही ‘रंग नको’ सांगणारी नोंद ठेवली असेल, तर रंग आपोआप बंद.

यंदा ताण फोडल्यावर थ्री फेज रात्रीची होती. दोनच्या सुमारास मोटर चालू करून मोठेबाबा आणि मी खोपडीत नकाशा बघत बसलो. सगळा बगीचा निळा होत चालला होता. त्यांनी बोट ठेवलं, ‘हे सातवी ओळ पाय बरं. बाकीच्याईपेक्षा जराशी फिक्की हाय.’ आकडे लावून पाहिले तर तिथे २९, आजूबाजूला ३१. आधीच्या नकाशात तिन्ही ओळी एकसारख्या पिवळ्या दिसल्या असत्या. बॅटरी घेऊन गेलो. लॅटरल, म्हणजे ओळीतली ठिबकची नळी, ठीक होती, पण १६ पैकी ९ झाडांचे ड्रिपर (पाणी ठिबकणारी तोंडं) क्षारानं चोंदले होते. सकाळी त्या ओळीला आम्लाचं पाणी सोडलं.