हातगाडी १:१२ : चाकं पुन्हा पहिल्यापासून

अमेरिकेतल्या एका जुन्या हातगाडीची बारापट लहान लाकडी प्रतिकृती करतोय; तिची दोन्ही चाकं झाली म्हणून मागच्या वेळी मिरवलं होतं. ते शब्द मागे घेतो. ऐन मे महिन्यात एका सकाळी गाडी उचलली, तर डाव्या चाकाचे तीन आरे टेबलावरच राहिले. उजवं चाक हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजत होतं. आंब्याची फळी आणली तेव्हा सुतार "वाळलेली आहे" म्हणाला होता, मीही हात लावून मान डोलावली होती. फळी आतून ओली होती. उन्हाळ्यात ती आकसली आणि तुंब्याची (चाकाच्या मधल्या ठोकळ्याची) भोकं सैल पडली.

चिडायचं सोडून हसलो, कारण मूळ गाड्यांचं दुखणं नेमकं हेच होतं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. १८५६ साली अमेरिकेत मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आयोवा सिटीहून युटातल्या सॉल्ट लेकपर्यंत माणसं हातगाड्या ओढत पायी नेली. बैलगाड्यांचा खर्च परवडत नव्हता. त्यांतल्या विली तुकडीत साधारण ५०० माणसं होती, बरीचशी इंग्लंड-स्कॉटलंडची आणि डेन्मार्ककडची, त्यात म्हातारे आणि पोरंबाळंही भरपूर. सुमारे पाच जणांमागे एक गाडी, माणशी १७ पौंड सामान. गाड्या घाईत, न मुरलेल्या लाकडाच्या केलेल्या. मैदानातली कोरडी हवा लागली की सांधे सुटायचे. लाकडी आसात वाळू जाऊन तो झिजायचा आणि वंगण नाही म्हणून लोक खायचं बेकन (डुकराचं खारवलेलं मांस) नि साबण आसाला फासायचे.

माझं प्रमाण सोपं आहे : एक फूट म्हणजे एक इंच. चार फुटी चाक चार इंचांचं होतं. धाव (चाकाभोवतीची लोखंडी पट्टी) म्हणून डब्याच्या पत्र्याची पट्टी. नवे आरे आता जुन्या खुर्चीच्या सागवानी पायातून काढतोय. चाळीस वर्षं घरात राहिलेलं लाकूड आता कुठे आकसणार! एकेका चाकाला बारा आरे धरलेत. नऊ झाले, दोन मोडले.

गाडीशेजारी जो माणूस उभा करायचाय, त्याच्यावर मात्र जीव जडलाय. लिव्हाय सॅवेज. जन्म १८२०, ओहायो. मेक्सिकोच्या युद्धात मॉर्मन बटालियनमधून चालत गेलेला. बायको वारली, मुलगा तान्हा, आणि १८५२ मध्ये हुकूम आला : सयामला (आजच्या थायलंडला) जा, धर्मप्रचार कर. पोराला बहिणीकडे ठेवून हा निघाला. १८५३ च्या एप्रिलमध्ये जहाजाने कलकत्त्याला उतरला. (त्याच सुमारास त्यांचाच धर्मप्रचारक ह्यू फिंडले आपल्या मुंबई-पुण्यात धडपडत होता.) सयाम राहिलंच. सॅवेज ब्रह्मदेशात रंगून-मौलमीनकडे दोनेक वर्षं राहिला, भाषा शिकायला झटला, आणि हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. १८५६ मध्ये बॉस्टनमार्गे परतताना तो या तुकडीत सापडला आणि शंभर जणांचा म्होरक्या झाला.

१३ ऑगस्टला, नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला सभा भरली. पुढे जायचं की हिवाळा इथेच काढायचा? जमलेल्यांत पुढचा रस्ता तुडवलेले मोजकेच. त्यातल्या सॅवेजने उठून सांगितलं, गुडघाभर बर्फातून चालावं लागेल, गोठलेल्या जमिनीवर पातळ पांघरुणात निजावं लागेल, म्हातारी माणसं आणि पोरं मरतील. त्याची श्रद्धा कमी पडते म्हणून त्यालाच बोल लावले गेले. मत पुढे जाण्याकडे झुकलं. तेव्हा तो म्हणाला, मी बोललो ते खरं आहे, पण तुम्ही निघालात तर मीही येतो, वेळ आली तर तुमच्याबरोबर मरेन.

त्याला शूर वगैरे दाखवतात. मला तो त्या क्षणी हताश दिसतो. लोकांना माहीत नव्हतं, त्याला होतं, आणि तरी गेला. हे शौर्य की हट्ट, अजून ठरवता येत नाही. ज्यांनी त्याला गप्प केलं त्यांच्याबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्री, सोबतच्या मोजक्या सामानाच्या बैलगाड्यांची तीसेक जनावरं पळाली, आणि त्यांतल्या पिठाची पोती पुन्हा हातगाड्यांवर चढली. मला हीच सकाळ करायची आहे. शंभर पौंडांच्या पोत्याचं छोटं रूप गव्हाच्या रव्याने भरलं, मलमल चहात बुडवून मळवली. भरलेलं पोतं ठेवलं की दांडी आपोआप वर उठते. हे मला आधी सुचलं नव्हतं! पुढून ओढणारा माणूस दांडी खाली दाबतच चालत असणार.

१९ ऑक्टोबरला बर्फ पडला, २३ ला वायोमिंगमधल्या रॉकी रिजची चढण. रॉक क्रीकवर एका खड्ड्यात तेरा जणांना पुरलं, खड्डा खणणारे दोघे नंतर गेले. ९ नोव्हेंबरला सॉल्ट लेकला पोचेपर्यंत सत्तरच्या आसपास माणसं दगावली होती. सॅवेज वाचला. पुढे याच तुकडीतल्या एका विधवेशी त्याने लग्न केलं, ९० वर्षं जगून १९१० मध्ये वारला.

सध्या त्याची मूर्ती तारेच्या सांगाड्यावर आहे. डावा हात दांडीवर की कमरेवर, यावर तीन दिवस घातले. काल हात दांडीवर नेला, तर खांदा आपोआप खाली गेला. तसाच ठेवतोय. पुढच्या वेळी आसाचं वंगण. खरं बेकन वापरू नका म्हणून घरातून सक्त ताकीद मिळाली आहे.