पास येईपर्यंत

श्टुटगार्टजवळच्या गावात आम्ही राहायला आलो तेव्हा लेक ११ वर्षांचा होता. जर्मन येत नव्हतं, फुटबॉल येत होता. इथे लीगचे सामने शाळा भरवत नाही. त्यासाठी गावातलं ‘फेराइन’ म्हणजे सभासदांनी चालवलेला क्लब गाठायचा. दुसऱ्याच आठवड्यात मैदानावर गेलो. प्रशिक्षक म्हणजे नोकरी सांभाळून पोरांना शिकवणारा एक बाबा. त्याने पहिल्याच वाक्यात मला ‘डू’ केलं, म्हणजे सरळ अगं-तुगं! दोन-तीन वेळा असंच खेळून बघू दे, मग नाव घाला, म्हणाला. मला वाटलं, झालं काम.

सभासदत्वाचा फॉर्म पानभराचा, वर्गणी बँकेतून आपोआप जाणार. घोडं अडलं ते सामन्यांवर. सरावाला कुणाचीच ना नव्हती, पण लीगमध्ये उतरायला ‘श्पीलरपास’ म्हणजे खेळाडूचा परवाना हवा. आणि १० वर्षांवरचं परदेशी मूल असलं की फिफाचा नियम आडवा येतो. १८ वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशात नोंदवायचं तर ठरावीक अपवादांतच. क्लबांनी कोवळी पोरं देशोदेशींहून उचलून नेऊ नयेत म्हणून हे केलेलं. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने देश बदलून आले असतील तर चालतं. आम्ही आलो होतो माझ्या नोकरीपायी. म्हणजे लेकाने चेंडूला पाय लावावा म्हणून माझा नोकरीचा करार जोडायचा! सोबत पासपोर्ट, व्हिसा, पत्त्याच्या नोंदणीचा कागद आणि महापालिकेचा जन्मदाखला.

पण खरा घोळ मीच घातला. ‘याआधी कुठे खेळला?’ या रकान्यात मी मोठ्या अभिमानाने लिहिलं, पुण्यात दोन वर्षं, अमुक अकॅडमी. झालं, अर्ज परत. तिकडे नोंदणी असेल तर भारताच्या फुटबॉल महासंघाकडून दाखला आणावा लागणार होता. अहो, ती अकॅडमी म्हणजे सोसायटीमागच्या मैदानावरचा संध्याकाळचा क्लास! मग ‘कुठल्याही संघटनेत कधी नोंदणी नव्हती’ असं लिहून सही केली आणि कागद पुन्हा पाठवले.

मधले नऊ शनिवार तो प्रत्येक सामन्याला गेला. बाकावर बसून बाटल्या भरायचा, इतरांची जॅकेटं सांभाळायचा. जर्मन मात्र तिथेच फुटली त्याला. पहिला शब्द ‘आबझाइट्स’, म्हणजे ऑफसाइड.

शेवटी प्रशिक्षकाचा मेसेज आला, पास तयार झाला. हातात काहीच मिळत नाही, फोटोसकट नाव कॉम्प्युटरवर चढतं. त्याच शनिवारी नऊ-नऊ खेळाडूंच्या सामन्यात शेवटची १२ मिनिटं तो उतरला. चार गोलांनी हरले. सामना संपल्यावर प्रशिक्षकाने एक फुगलेली पिशवी माझ्या हातात दिली. जर्सी धुवायची पाळी आता आमची. चिखलाने माखलेल्या १४ जर्सी, आणि आमच्या इमारतीत रविवारी मशीन लावायचं नाही. तशीच तळघरातल्या मशीनकडे पळाले.