लाईट आली, पण कॉम्प्युटर कधी येणार?

देवगडात मे महिन्यात हापूसच्या पेट्यांची शेवटची घाई आणि वळवाचा पाऊस एकदमच येतात. पाऊस आला की लाईट जाते. घरचा कॉम्प्युटर जुना, विंडोज 10 चा, साधी हार्ड डिस्क, रॅम 4 जीबी. लाईट परत आली की डेस्कटॉप उशिरा दिसायचा, आणि गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची फाईल उघडेपर्यंत आबांची पाच डझनी पेटी भरून व्हायची. खळ्यातून ते विचारायचे, "सुरू झालो काय गो?" त्यांना काय सांगणार!

एरवी एवढा उशीर का होत नाही, ते शोधल्यावर कळलं. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. आपण नीट शट डाउन केलं तर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. लाईट अचानक गेली तर साठवायला सवडच मिळत नाही, मग सगळं पहिल्यापासून. महावितरण माझ्या हातात नाही. त्यानंतर आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमची गर्दी मात्र माझ्या हातात होती.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप'वर गेले. यादी बघून हसूच आलं. प्रिंटरची शाई किती उरली ते सांगणारा, फोन जोडायचा, लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी घेतलेला मीटिंगचा, मुलाच्या गेमचा लाँचर. सगळे रोज आमच्या आधी उठत होते. प्रत्येकापुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' लिहिलेला असतो. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर 3 एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन केलं की 'हाय'. जुन्या हार्ड डिस्कवर असे चार-पाच 'हाय' एकाच वेळी धावले तर माझ्या फाईलला कुठली वाट मिळणार?

नाव ओळखीचं नसेल तर राइट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' बघायचं. तो कुठल्या फोल्डरात बसलाय यावरून बहुतेक वेळा कुळ कळतं. मग 'डिसेबल'. यात प्रोग्रॅम उडत नाही, फक्त आपण बोलावल्याशिवाय येत नाही. प्रिंटरवर लेबलं अजूनही छापतात, शाईवाला नसला तरी. अँटिव्हायरस आणि आवाजाचा ड्रायव्हर यांना हात लावला नाही. फाईली ऑनलाइन साठवणारा प्रोग्रॅम 'हाय'मध्ये होता, तरी ठेवला. जिथे लाईटचा भरवसा नाही तिथे पत्त्यांची प्रत बाहेर कुठेतरी हवीच. 'सगळं बंद करा' म्हणणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही.

एक अपडेटर, म्हणजे नवी आवृत्ती शोधत बसणारा प्रोग्रॅम, मात्र चिवट निघाला. टास्क मॅनेजरमध्ये बंद, तरी लॉगिन केलं की हजर. प्रोग्रॅम उठायच्या जागा अनेक असतात. एक म्हणजे स्टार्टअप फोल्डर. विंडोज आणि आर दाबून 'शेल:स्टार्टअप' इंग्रजीत टाइप केलं की उघडतो. दुसरी रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतली, 'रन' नावाची नोंद. तिसरी टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा, आणि चौथी सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम. आमचा पाहुणा टास्क शेड्युलरमध्ये 'लॉग ऑन' झाल्यावर उठायचं ठरवून बसला होता. तो सापडला 'ऑटोरन्स'मुळे. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्सचं हे फुकट साधन. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच घेतली. उघडताच शेकडो ओळी येतात आणि छाती दडपते. आधी 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज' लावायचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदी बाजूला होतात. ओळीपुढची टिक काढली की नोंद नुसती बंद होते, परत टिक केली की चालू. 'डिलीट' केली तर ती कायमची जाते, म्हणून मी टिकेपलीकडे गेले नाही. सर्व्हिसेसमध्ये तर काहीच बदललं नाही. तिथे एक दुसरीवर अवलंबून असते, आणि सीझनमध्ये असला प्रयोग कोण करणार?

आता लाईट आली की आबांच्या पाच-सहा ओळी भरतात तोवर पत्ते उघडलेले असतात. जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर याहून पुष्कळ फरक पडेल, पण तो खर्च आंब्यांचे पैसे हातात आल्यावर. घरात रुसला फक्त मुलगा, गेमचा लाँचर गेला म्हणून. त्याच्याशी तह झालाय: शेवटची पेटी गाडीत चढली की 'एनेबल'.