पिशवीतली चिपाडं

शनिवारची शाळा सकाळची आणि शेवटच्या दोन तासिका कार्यानुभवाच्या. त्या काळी बहुतेक ठिकाणी कार्यानुभव म्हणजे मेणबत्त्या, खडू आणि कागदी फुलं. नाहीतर गणिताचे सर ती तासिका मागून घ्यायचे. १९८८ साली आम्ही आठवीत गेलो आणि शाळेत नवे सर आले. पहिल्याच शनिवारी त्यांनी हजेरीपट उघडला आणि क्रमांकाप्रमाणे सहा-सहा जणांचे गट पाडले. मित्रांना एकत्र बसू द्या म्हणून आम्ही ओरडलो. सर म्हणाले, "एसटीत शेजारी कोण बसणार, हे तू ठरवतोस का?"

माझ्या वाट्याला वर्गात कायम पहिली येणारी मुलगी आली, कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतल्या धान्य व्यापाऱ्याचा मुलगा आला, आणि एकाच आडनावाचे दोन चुलतभाऊ आले. दोघांच्या घरात सामाईक भिंतीवरून वाद होता, म्हणून ते एकमेकांशी बोलत नसत. सहावा वडणग्याहून सायकलनं यायचा. त्याचे वडील गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायला असत. तो कुणाशीच बोलायचा नाही. गटप्रमुख मी. कुणी निवडलं नव्हतं, मीच झालो.

पहिलं काम पंक्चर काढायचं. सरांनी वडणग्याच्या पोराचीच सायकल घेतली, सगळ्यांदेखत पुढच्या चाकात टाचणी खुपसली आणि म्हणाले, "दुपारी ह्याला ह्याच सायकलवरून घरी जायचंय. बघा."

पाना माझ्या हातात, ट्यूब माझ्या हातात. घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे दिसले तेव्हा इतरांनी माना पुढं केल्या, एवढाच त्यांचा सहभाग. भोकाभोवतीचा रबर कानशीनं खरवडून घ्यायचा, सोल्युशन लावल्यावर ते जरा वाळू द्यायचं आणि मग ठिगळ दाबायचं, हे मला माहीत नव्हतं. मी ओल्या सोल्युशनवरच ठिगळ चिकटवलं आणि विजयी मुद्रेनं हवा भरली. ते ठिगळ शिवाजी पुलापर्यंत टिकलं. तिथून पोरगा सायकल ढकलत घरी गेला. सोमवारी काही बोलला नाही. पंक्चर त्याला उत्तम काढता येत होतं, हे मला पुढं बऱ्याच महिन्यांनी कळलं. रोज दोन वेळा पंचगंगा ओलांडून येणाऱ्याला ते येणारच की, पण तेवढा विचार करायला माझ्याकडं सवड नव्हती.

प्रत्येक कामानंतर सर आम्हाला व्हरांड्यात गोल बसवायचे. स्वतः काय केलं ते सांगायचं नाही, गटातल्या दुसऱ्यानं काय केलं ते सांगायचं. पंक्चरच्या दिवशी पाचही जणांनी माझं नाव घेतलं. मी फुशारून बसलो होतो. माझी पाळी आली तेव्हा मला एकाबद्दलही काही सांगता येईना. सरांनी "बरं" म्हटलं आणि पुढच्या गटाकडं वळले.

पुढं फ्यूजची तार घालणं झालं, पोस्टात मनिऑर्डरचा फॉर्म भरणं झालं, बँकेची स्लिप झाली. पहिल्या नंबरच्या मुलीनं फ्यूजला मजबूत दिसते म्हणून जाड तार घातली. सरांनी तिला विचारलं, "मग वितळायचं कुणी?" ती दोन दिवस गप्प होती. आनंदबाजारात आम्ही भडंगचा स्टॉल लावला. लसूण करपला तेव्हा धान्यवाल्याच्या पोरानं 'खास कुरकुरीत लसूण' अशी पाटी लिहून सगळा माल खपवला. धंदा रक्तातच होता त्याच्या. चुलतभाऊ मात्र तेव्हाही सुट्टे पैसे एकमेकांच्या हातात न देता टेबलावर ठेवायचे.

त्या पैशातून पन्हाळ्याची सहल ठरली. मुक्कामी, आणि स्वयंपाक मुलामुलींनी मिळून करायचा. इथं घरोघरी ठिणगी पडली. माझे वडील तालमीतले. ते तडक शाळेत आले आणि व्हरांड्यातूनच म्हणाले, "आमच्या पोराला भाकऱ्या थापाय शिकवाय लागलाय न्हवं तुमी?" सर हसून म्हणाले, "शाहू महाराजांनी १९१७ साली हुकूम काढला तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड होता. सहलीला न पाठवणाऱ्याला किती लावू, सांगा." वडिलांना महाराजांच्या नावापुढं बोलता येईना. मी गेलो.

दिवस सप्टेंबरचे, पन्हाळ्यावर धुकं आणि बारीक पाऊस. दुपारी अंबरखान्यातली गंगा कोठी, म्हणजे गडावरचं जुनं धान्यकोठार, पावलांनी मोजायची होती. माझं पाऊल लांब, मुलीचं आखूड. दोन उत्तरं आली आणि आम्ही तिथंच भांडलो. सरांनी दोघांची पावलं दोरीनं मोजायला लावली, तेव्हा दोन्ही उत्तरं बरोबर निघाली. भांडताना माझा आवाज कोठीत घुमत होता. सरांनी बहुतेक तेव्हाच ठरवलं असावं. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता उद्या सकाळपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस आणि कशालाही हात लावायचा नाहीस. फक्त बघायचं."

मला ती शिक्षा वाटली. अजूनही थोडी वाटते.

संध्याकाळी चूल पेटेना. मिळालेली लाकडं भिजलेली. चुलतभावांनी रॉकेल ओतलं, भप्पकन जाळ झाला आणि विझला. धूर डोळ्यांत. कुणीतरी म्हणालं, "अरे सांग की काय करायचं," आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ओठ मिटून, हात पाठीमागं बांधून उभा. मला तरी कुठं माहीत होतं काय करायचं? पण गप्प होतो, म्हणून ते झाकलं गेलं.

मग वडणग्याचा पोरगा उठला. आपल्या पिशवीतून त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा काढला. उसाची वाळलेली चिपाडं, खडखडीत. तीन दगडांच्या चुलीतली आमची दाटीवाटीनं कोंबलेली लाकडं त्यानं सगळी बाहेर काढली. खाली चिपाडं अशी रचली की मध्ये पोकळी राहील, वर बोटाएवढ्या काटक्या, आणि जाड लाकडं चुलीला टेकवून उभी केली, वाळत राहावीत म्हणून. एका चुलतभावाला म्हणाला, "तू एकेक चिपाड सरकव," दुसऱ्याला म्हणाला, "तू ह्याच्या हातात दे." दोघं दीड तास तसेच बसले. एकानं द्यायचं, दुसऱ्यानं सारायचं. त्यांचा तंटा काही मिटला नाही, पण पिठलं शिजलं. भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या. वडणग्याच्या पोरानं माझ्या ताटात चौथी भाकरी टाकली.

सकाळी बंदी उठल्यावर मी त्याला पहिलं विचारलं, "चिपाडं होती तर आधी सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलास कुठं?"

व्हरांड्यातल्या पुढच्या बैठकीत मला पाचही जणांबद्दल सांगता आलं. सरांनी त्या दिवशीही "बरं" एवढंच म्हटलं.

परवा माझ्या मुलीच्या शाळेतून जीवनकौशल्यांचं पत्रक आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली दहा कौशल्यं त्यात होती: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, समानुभूती, ताणाला तोंड देणं वगैरे. मी दोनदा वाचलं. हात पाठीमागं बांधून उभं राहणं त्यात सापडलं नाही. कुठल्यातरी दोन कौशल्यांच्या फटीत बसत असेल. पत्रकासोबत रिकाम्या जागा भरायची कार्यपुस्तिकाही होती. त्यावर मी काही बोललो नाही, बायकोनं आधीच डोळे वटारले होते.

आज मी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डिंग बघतो. आयटीआयची नवी पोरं येतात, साच्यात वाळू भरतात आणि जोर दाखवायला ती जास्तच ठोकतात. वाळू फार घट्ट झाली की लोखंड ओतल्यावर होणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, पडतात. मला ते ठोक्याच्या आवाजावरून कळतं. हात शिवशिवतात. निम्म्या वेळा मी पुढं होऊन फावडं हिसकावतो, निम्म्या वेळा पाठीमागं हात बांधून उभा राहतो. एखादं कास्टिंग भंगारात जातं आणि मालक मला बोलतो. पण ब्लो होल स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला पोरगा पुढच्या साच्याला हलक्या हातानं ठोके देतो. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीनं स्थलांतरितांसाठी जेवण रांधलं, तेव्हा मात्र मी गप्प राहू शकलो नाही. दोन दिवस ओरडत होतो. तिसऱ्या दिवशी घसा बसला आणि काम सुरळीत झालं.

आता आमच्या त्या शाळेचा अमृतमहोत्सव आहे. त्याच्या जेवणाला चुली शाळेच्या मैदानातच पेटवायच्या असं समितीत ठरलंय. गॅस मागवू म्हणणारे मागं पडले. वडणग्याच्या मित्राला अजून फोन केलेला नाही. आज रात्री करतो, आणि ह्या खेपेला आधी विचारतो, पिशवीत काय आणतोयस म्हणून.