आखडलेला फ्लॉपी ड्राइव्ह

माळ्यावरच्या पेटीत आईने टंकलेल्या पत्रांच्या साडेतीन इंची फ्लॉप्या सापडल्या, म्हणून जुन्या संगणकातला ड्राइव्ह बाहेर काढला. मोटर फिरली, पण डिस्क वाचण्याऐवजी आतून नुसता करकर आवाज येत राहिला.

वरचे पत्र्याचे झाकण काढल्यावर कारण दिसले. हेड, म्हणजे डिस्क वाचणारा-लिहिणारा भाग, पुढेमागे नेणाऱ्या आटेदार दांड्यावरचे ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट झाले होते. अशा ड्राइव्हमध्ये स्टेपर मोटर हेडला एकेका पायरीने ८० ट्रॅकांवर, म्हणजे डिस्कवरच्या वर्तुळाकार पट्ट्यांवर, फिरवते आणि इंचाला १३५ ट्रॅक असल्यामुळे दोन ट्रॅकांमधले अंतर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असते. त्यामुळे दांडा जरासा अडला तरी पायऱ्या चुकतात आणि हेड शून्य ट्रॅकपर्यंत, म्हणजे सगळ्यांत बाहेरच्या पट्टीपर्यंत, पोहोचतच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाच्या काडीने मी आट्यांमधले जुने ग्रीस काढले आणि टाचणीच्या टोकावर मावेल इतकेच नवे लावले. करकर थांबली.

संगणक सुरू होताच ड्राइव्हचा दिवा लागून तसाच राहिला, तर बहुधा ड्राइव्हला जोडणारी ३४ तारांची पट्टी उलटी बसलेली असते. ती आधी तपासावी.

हेड पुसताना मात्र फार जपावे लागते. वरचे हेड नाजूक पातीवर तोललेले असते. ते गरजेपेक्षा जास्त उचलले तर पाती वाकते आणि ड्राइव्ह कायमचा निकामी होऊ शकतो. एखादा ड्राइव्ह स्वतः लिहिलेल्या डिस्का वाचतो पण इतरांच्या वाचत नाही, तेव्हा हेडची जागा सरकल्याचा संशय घ्यावा. पण अलाइनमेंट डिस्क (हेडची जागा तपासायची खास डिस्क) आणि ऑसिलोस्कोप (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारे उपकरण) हाताशी नसताना तिथले स्क्रू सैल करू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या दमट हवेत खरा शत्रू बुरशी आहे. सरकते झाकण बाजूला करून मधली चकती बोटाने फिरवली की तपकिरी फिल्मवर पांढुरके डाग दिसतात. अशी डिस्क तशीच घातली तर खरवडलेला थर हेडला चिकटतो आणि पुढची चांगली डिस्कही ओरखडते. म्हणून पहिली चाचणी मी नेहमी टाकाऊ डिस्कवर घेतो.

आईच्या पहिल्या डिस्कवरच्या २८८० सेक्टरांपैकी, म्हणजे ट्रॅकांच्या छोट्या तुकड्यांपैकी, ११ सोडून बाकीचे सगळे वाचता आले. हेड पुन्हा पुसून उद्या त्या ११ सेक्टरांसाठी परत प्रयत्न करणार आहे.