स्पायरोमेट्री नॉर्मल, तरी छाती आवळते

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या मागावर काम करणाऱ्याची छाती शिफ्टमध्ये आवळते, खोकला सुटत नाही, आणि स्पायरोमेट्री (जोरात फुंकून हवा मोजायची चाचणी) मात्र नॉर्मल येते. एवढ्यावरून ‘दमा नाही’ म्हणून त्याला परत पाठवू नका. श्वासनलिका त्या वेळी मोकळ्या असतात, पण चिडखोर असू शकतात. तो चिडखोरपणा मोजायला मेथाकोलिन, म्हणजे श्वासनलिका आवळणारं औषध, हुंगवून करायची चाचणी असते.

आधी एफईव्ही-१ बघतात, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा. ती अपेक्षित आकड्याच्या ६० टक्क्यांखाली असेल तर चाचणी टाळलेली बरी. मग नेब्युलायझरमधून मेथाकोलिनचा अगदी बारीक डोस, टप्प्याटप्प्याने वाढवत. प्रत्येक डोसनंतर ३० आणि ९० सेकंदांनी फुंकायचं. एफईव्ही-१ २० टक्के घसरला की थांबून लगेच सालब्युटामॉल, म्हणजे नळ्या मोकळ्या करणारं औषध, द्यायचं. ही घसरण आणणारा डोस म्हणजे पीडी-२०. तो ४०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर नॉर्मल, १०० ते ४०० सीमारेषेवर, ६ च्या खाली चिडखोरपणा फारच तीव्र.

घोळ होतो तो श्वास घेण्यात. डोस ओढताना छाती भरून श्वास घेतला की नळ्या ताणल्या जातात आणि सौम्य दमा लपतो. नेहमीचा संथ श्वासच हवा. सालब्युटामॉलचा पंप ६ तास आधीपासून बंद. नुकती सर्दी झाली असेल तर निकाल खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो.

आणि कामगाराला लांब सुट्टीनंतर बोलावू नका. धुळीपासून दूर राहिल्यावर चिडखोरपणा उतरू शकतो. माग चालू असलेल्या आठवड्यातच चाचणी करा.